जुना संगणक भंगारात, आमची नोंद कुठे?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या पुरविणे बंद केले. पुढची विंडोज ११ प्रणाली जुन्या यंत्रांवर चढत नाही. साधारण २०१८ पूर्वीचा प्रोसेसर असलेला संगणक धडधाकट असला तरी कंपनीच्या लेखी तो बाद! जुनीच प्रणाली सुरक्षित ठेवायची तर संस्थांना पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट आणि तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट मोजावे लागतात. जगभरातील सरकारी कचेऱ्यांपुढे उभा राहिलेला हा प्रश्न आपल्या महानगरपालिकांनाही चुकलेला नाही.

अशा खरेदीची चर्चा होते ती निविदेच्या दराची, टक्केवारीची आणि ठेका कोणाला मिळाला याची. आपली चळवळ तर या विषयाकडे फिरकतही नाही. वस्तीतले गटार, विहाराची जागा, सफाई कामगाराचा पगार हे आपले प्रश्न आणि संगणकखरेदी हा साहेबांचा प्रश्न, अशी आपली समजूत. ही समजूत घातक आहे. कारण संगणक बदलतो तेव्हा केवळ यंत्र बदलत नाही. त्या यंत्राच्या पोटात आपल्या जन्माची, शाळेची, नोकरीची आणि घराची नोंद असते.

महाडचा इतिहास आठवा. चवदार तळे अस्पृश्यांना खुले आहे, असा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ साली केला होता. १९२७ च्या सत्याग्रहानंतर सवर्ण मंडळी न्यायालयात गेली आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हरली. अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हे त्यांना सिद्ध करता आले नाही. बाबासाहेबांनी हा लढा रस्त्यावर लढला, तसाच कागदावरही लढला.

तेव्हा पुराव्याचे ओझे हक्क नाकारणाऱ्यांवर होते. आज ते हक्क मागणाऱ्यावर आहे! महाराष्ट्राच्या २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्याचे कलम ८ सांगते की, जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. त्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबांच्या महापालिका शाळेतली नोंद, जन्म-मृत्यूच्या रजिस्टरातला उतारा, सफाई खात्यातल्या चुलत्याचे सेवापुस्तक, हाच तो पुरावा. ज्याच्या घरी सातबारा आहे, त्याच्याकडे चार कागद जास्त असतात. ज्याच्या बापाने आयुष्यभर शहराचा रस्ता झाडला, त्याचा कागद महापालिकेच्या दफ्तरातच असतो. तिथे ‘अभिलेख आढळून येत नाही’ असा शेरा बसला की मुलाचा प्रवेश गेला, नोकरी अडकली.

हे अभिलेख संगणकात असले म्हणजे सुरक्षित, हा भ्रम आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, आयएसएम, कृतीदेव अशा वेगवेगळ्या फॉन्टमध्ये टंकलेला असे. तो फॉन्ट नसलेल्या नव्या यंत्रावर यादी उघडली तर ‘कांबळे’ किंवा ‘गायकवाड’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मग नाव शोधले तरी सापडत नाही. फाईल जिवंत आहे, पण माणूस मेला! त्यात मध्यवर्ती सर्व्हरवर न गेलेली एखादी यादी कोण्या लिपिकाच्या टेबलावरच्या यंत्रातच पडून असली, तर ते यंत्र भंगारात गेल्यावर ती कोण शोधणार?

कायदा या बाबतीत मुका नाही. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चे कलम ४(१)(क) प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला अभिलेख सूचीबद्ध ठेवण्यास आणि संगणकीकरणास योग्य असे अभिलेख वाजवी मुदतीत, उपलब्ध साधनांनुसार संगणकीकृत करण्यास सांगते. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ नुसार विहित पद्धती सोडून अभिलेख नष्ट करणे हा गुन्हा आहे. हार्ड डिस्कमधला अभिलेख हाही अभिलेखच.

दुसरा प्रश्न मालकीचा. यंत्र कधी बाद होणार हे परदेशी कंपनीने ठरवायचे आणि पैसे मात्र घरपट्टी-पाणीपट्टी भरणाऱ्यांनी द्यायचे, हे अटळ आहे काय? जर्मनीतील म्युनिच शहराने २००३ साली विंडोज सोडून मुक्त लिनक्स प्रणालीकडे जाण्याचा निर्णय घेतला. कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौरांना भेटायला धावले, तरी शहर बधले नाही. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले गेले. २०१७ मध्ये नगरसभेने पुन्हा विंडोजकडे वळण्याचे ठरविले. पण जाण्याचा आणि परतण्याचा, दोन्ही निर्णय लोकप्रतिनिधींनी उघड चर्चा करून घेतले. आपल्याकडे मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षे तिथे प्रशासक बसला. सभागृहच नसेल, तर खरेदीवर प्रश्न कोणी विचारायचा?

तिसरा प्रश्न भंगाराचा. ई-कचरा नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडेच गेला पाहिजे. तो लिलावातून चोरवाटेने गल्लीत गेला की तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, सोन्याच्या कणांसाठी पट्ट्या आम्लात बुडविल्या जातात. शिसे आणि कॅडमियम कोणाच्या छातीत जाते? या देशात कचऱ्याला जात आहे, मग तो मैला असो की मदरबोर्ड. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचक भगिनींना संघटित केले आणि त्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. अशा संस्थांना संकलनाचे रीतसर काम आणि रीतसर मोबदला का मिळू नये?

आणि सगळीच यंत्रे भंगार नसतात. केरळच्या सरकारी शाळांतील संगणकशिक्षण अनेक वर्षे मुक्त प्रणालीवर चालते. डिस्क पूर्ण पुसून, मुक्त प्रणाली घालून चालू स्थितीतले संगणक महापालिका शाळांना आणि वस्तीतल्या अभ्यासिकांना देता येतील. मात्र आमच्या मुलांच्या माथी मोडकी यंत्रे मारून कोणी दानशूर म्हणवून घेऊ नये. दुरुस्तीची जबाबदारी महापालिकेचीच राहिली पाहिजे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आपापल्या महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा आणि चार गोष्टी विचाराव्यात. बाद केलेल्या प्रत्येक यंत्रातील अभिलेखांची यादी कोणी केली? जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणून मूळ रजिस्टराशी ताडून पाहिला काय? डिस्क पुसल्याचा दाखला कोणी दिला? यंत्रे कोणाकडे गेली? आणि नव्या निविदेत अभिलेख स्थलांतराची अट नसेल, तर काम सुरू होण्याआधीच लेखी हरकत नोंदवावी. डिस्क पुसल्यानंतर मोर्चा काढून उपयोग नाही. मोर्च्याने रस्ता अडविता येतो, पुसलेली नोंद परत आणता येत नाही.