स्तन्यप्रवृत्ती : अभिमान आणि कर्तव्य

आपल्या परिसंवादांतून एक विधान वारंवार ऐकू येते : ऑक्सिटोसिन सुश्रुतांना ज्ञात होतेच. टाळ्याही पडतात. आम्हांला मात्र हा अभिमान ग्रंथावर आणि रुग्णेवरही अन्याय करणारा वाटतो.

अपत्याच्या स्पर्शाने, दर्शनाने, नुसत्या स्मरणानेही स्तन्य प्रवृत्त होते व निरंतर स्नेह हा त्याचा हेतू होय, असे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सांगितले आहे. क्रोध, शोक व वात्सल्याचा अभाव यांमुळे स्तन्यनाश होतो, असे शारीरस्थान सांगते. इतक्या अचूक निरीक्षणास उसन्या नावाची गरज नाही.

हे घडते कसे, हे मात्र विसाव्या शतकात उलगडले. मेंदूतील काही चेतापेशी ग्रंथीप्रमाणे स्राव निर्माण करतात, हा विचार अर्न्स्ट शारर यांनी १९२८ मध्ये माशांवरील अभ्यासातून मांडला. मानवी हायपोथॅलॅमसमधील अशाच चेतापेशी ऑक्सिटोसिन तयार करतात. त्यांच्याच तंतूंतून ते पिट्युटरी ग्रंथीच्या पश्चखंडात पोहोचते, बालक स्तन चोखू लागताच रक्तात उतरते आणि दुग्धकोशांभोवतीच्या पेशी आकुंचित करून दूध बाहेर आणते. दुग्धनिर्मितीस लागणारे प्रोलॅक्टिन मात्र त्याच ग्रंथीच्या अग्रखंडातील निराळ्या पेशींत तयार होते.

चिकित्सेत हा भेद निर्णायक आहे. दूध आहे पण उतरत नाही, अशा भयभीत सूतिकेस शतावरीच्या आधी एकांत, धीर आणि कुशीत बाळ हवे. परंतु प्रसूतीत अतिरक्तस्राव होऊन गेला आहे व दूध आलेच नाही, अशा मातेच्या पिट्युटरीचा रक्तपुरवठा खंडित होऊन तेथील पेशी नष्ट झाल्या असण्याचा संभव असतो. हॅरल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये वर्णिलेला हा विकार होय. पुढे पाळी परत येत नाही, ग्लानी वाढते आणि कॉर्टिसोलच्या अभावी प्राणही संकटात येऊ शकतात. तिला निव्वळ स्तन्यक्षय समजून महिनोन्‌महिने कल्प देत राहणे हा आमच्या मते अक्षम्य प्रमाद आहे. तिची हार्मोन तपासणी विनाविलंब झाली पाहिजे.

सर्व काही पूर्वीच ज्ञात होते, असे मानणारा वैद्य पुढचा प्रश्न विचारीत नाही. स्तन्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक मातेस आपण तो विचारलाच पाहिजे : बाळंतपणात रक्त किती गेले? सुश्रुतांच्या निरीक्षणवृत्तीचे खरे वारसदार आपण तेव्हाच ठरू.