शिकारी शंभूची टोपी कोणी काढली?

आमची शाळा गडचिरोली जिल्ह्यातली, जंगलाला अगदी खेटून. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी मी जुन्या ‘टिंकल’ अंकांची पेटी उघडते. अंक इंग्रजी, म्हणून मी मराठीत सांगत जाते आणि मुलं चित्रं बघतात. सगळ्यांचा लाडका म्हणजे शिकारी शंभू. झुपकेदार मिशा, डोळे झाकणारी टोपी, हातात बंदूक, आणि वाघ दिसला की पळता भुई थोडी! तरी दर वेळी काहीतरी घोटाळा होऊन वाघ आपोआप सापडतो आणि लोक शंभूचाच जयजयकार करतात. (शिकारीवर १९७२ च्या कायद्याने बंदी आली होती, हे त्याला कोणी सांगितलं नसावं! पुढे मात्र तो प्राण्यांना वाचवणारा झाला.)

परवा मी विचारलं, “शंभूची टोपी कोणी काढली?”

“त्याची टोपी निघतच नाही जी, मॅडम!”

“अरे, काढली म्हणजे चित्रात काढली!”

वर्ग चिडीचूप. खरं सांगू? कितीतरी वर्षं मलाही ते नाव ठाऊक नव्हतं.

ते चित्रकार म्हणजे वसंत हळबे. १९८३ मध्ये लेखक लुइस फर्नांडिस यांनी शंभू कल्पिला आणि हळब्यांनी त्याला रूप दिलं. त्याच मासिकातल्या जंगलात राहणारा कालिया कावळा काढला प्रदीप साठे यांनी. त्याआधीच्या मुलांकडे ‘इंद्रजाल कॉमिक्स’ होती, १९६४ पासून १९९० पर्यंत. त्यातला वेताळ मूळचा अमेरिकेतल्या ली फॉक यांचा, पण सुरुवातीच्या कितीतरी अंकांची मुखपृष्ठं रंगवली आपल्याकडच्या बी. गोविंद यांनी. माझे मामा वेताळाच्या कवटीच्या अंगठीवर तासभर बोलतील. गोविंद म्हटलं तर विचारतील, “कोण गोविंद?”

आता एक गोष्ट करून बघा. घाबरलेला माणूस काढा, पण डोळे न काढता. आम्ही वर्गात काढला. आधी सगळ्यांना सोपं वाटलं. मग खोडरबर फिरू लागले! एकाने गुडघे वाकवले, एकाने घामाचे थेंब उडवले, एकाने टोपीच हवेत उडवली. हळबे वर्षानुवर्षं हेच करत होते. शंभूचे डोळे दिसत नाहीत, तरी तो किती घाबरलाय ते आपल्याला बरोबर कळतं.

चौथीतली एक मुलगी मात्र बराच वेळ नुसती बसून होती. शेवटी तिने चुलीजवळ पाठमोरा बसलेला माणूस काढला. शेजारी रिकामी टोपली.

“हा कुठे पळतोय?” मुलं हसली.

ती म्हणाली, “माझे बाबा आहेत. मोहफुलं वेचायला गेले होते. वाघ दिसला. घरी आले तर बोललेच नाही जी.”

मग कोणी हसलं नाही. आमच्याकडे मोहाच्या दिवसांत पहाटे टोपली घेऊन जंगलात गेलेला माणूस परत येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला असतो.

मी ते चित्र भिंतीवर लावायला घेतलं. तिने ते परत मागितलं, खालच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि मग दिलं. ते पाहून बाकीचे उठले, आणि आधीपासून भिंतीवर असलेल्या चित्रांत आपापलं कोणतं, ते शोधू लागले.