तिच्या मापाचा पट्टा



हिवाळी अधिवेशन आलं की नागपुरातल्या आपल्यासारख्यांचे पाय आपोआप यशवंत स्टेडियमकडे वळतात. मागच्या एका अधिवेशनात अंगणवाडी सेविकांच्या मोर्चाबरोबर मी निघाले. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर नेहमीप्रमाणे कठडे लावून आम्हाला अडवलं. शिष्टमंडळ आत गेलं, बाकीच्या रस्त्यावर बसल्या. पलीकडे महिला पोलिसांची रांग. बहुतेकींच्या हातात लाठ्या होत्या. एका तरुण फौजदार बाईंच्या कमरेला पिस्तूल होतं आणि दर दोन मिनिटांनी त्या अंगठा घालून पट्टा वर ओढत होत्या. ऊन चढलं तेव्हा मी पाण्याची बाटली पुढे केली.

"नको ना ताई," त्या म्हणाल्या. "पाणी प्यायलं का मग जावं लागते. अन् जायचं म्हणजे हे सगळं काढा. काढून ठेवायचं कुठं?"

मग त्या बोलत राहिल्या. समोर मोर्चा, मागे साहेब, त्यामुळे अर्ध्या आवाजात. विदर्भातल्याच कुठल्याशा जिल्ह्यातून बंदोबस्तासाठी त्यांना आणलं होतं. पट्टा मिळाला तो शेवटच्या भोकावरही सैल, म्हणून घरी खिळा तापवून आणखी दोन भोकं पाडली. बाईची कंबर वर आणि कुल्हे रुंद, त्यामुळे सरळ कापलेला पट्टा कमरेवर बसत नाही, एका बाजूने उचलला जातो. त्यावरचं होल्स्टर कुल्ह्याच्या बाकामुळे तिरकं होतं आणि पिस्तुलाची मूठ बरगडीत रुतते. जीपमध्ये बसलं की आणखीच. पिस्तूल काढायचं तर कोपर पार खांद्यापर्यंत न्यावं लागतं. पुरुष सहकाऱ्याचा हात सरळ खाली जातो आणि मूठ हाती येते. हे सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. चप्पल चावते म्हणून सांगावं तसं सांगितलं.

संडासाची गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जाईना. बंदोबस्ताच्या जागी संडास सापडला तर त्याला कडी असेलच असं नाही, आणि खुंटी तर नाहीच. पँट उतरवायची म्हणजे पट्टा सोडायचा. पट्ट्याबरोबर भरलेलं हत्यार, काडतुसांची पिशवी, सगळंच येतं. ते ओल्या फरशीवर ठेवणार? मी गळ्यात अडकवून बसते, त्या म्हणाल्या. हत्यार हरवलं तर नोकरीवर येतं, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. पुरुषाला यातलं काहीच सोडावं लागत नाही, त्यामुळे पट्टा ठरवताना हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नसावा.

अंकाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक मैत्रीण चिडली. "लाठीमार झाला तेव्हा कुणी आपलं माप विचारलं होतं? सरकारच्या बंदुकीचा पट्टा आपण का नीट करून द्यायचा?" प्रश्न खोटा नाही. विदर्भातल्या बाईने तर तो विचारायलाच हवा. मथुरा प्रकरण इथलंच. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात ते घडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी धरलं आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिलं. १९७९ चं ते खुलं पत्र आणि १९८० चे मोर्चे, यातून आपल्यापैकी कितीजणी घडल्या! पण तेव्हाच आपण काय मागितलं तेही आठवा. ठाण्यात बाई हवी. बाईची झडती बाईनेच घ्यावी. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक नको, आणि अपवाद म्हणून करायचीच वेळ आली तर महिला अधिकाऱ्यानेच करावी, हे २००५ च्या दुरुस्तीने कायद्यात आलं. १९९४ च्या महिला धोरणाने राज्याच्या नोकऱ्यांत ३० टक्के जागा राखल्या. त्या फौजदार बाई आपल्याच मागणीतून कठड्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आहेत. बंदुकीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, ते बदललेलंही नाही. पण नोकरीचं दार उघडायला लावायचं आणि आत गेलेल्या बाईला उपाशी-तहानलेली, पुरुषाच्या पट्ट्यात उभी ठेवायची, हे मला पटत नाही.

आणि हा प्रश्न नुसत्या सोयीचा नाही. त्या बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. वार्षिक गोळीबार सरावात त्यांच्या तुकडीतल्या बायकांना गुण कमी पडतात आणि उस्ताद म्हणतात, बायकांना रायफल जमत नाही. रायफलचा दस्ता, ज्याला सगळे बट म्हणतात, तो लांब असला की आखूड हाताची व्यक्ती मागे रेलते आणि कोपर फाकतं. बट खांद्याच्या खळगीत बसण्याऐवजी दंडावर नाही तर गळ्याच्या हाडावर येतं. गोळी सुटल्याचा धक्का तिथे बसतो. त्यात आतल्या पट्टीची कडी नेमकी त्याच जागी असते. दुसऱ्या दिवशी काळंनिळं. तिसऱ्या फैरीला शरीर आपोआप आकसतं आणि नेम चुकतो. शेऱ्यात मात्र लिहिलं जातं की बाई कमी पडली.

आता गंमत बघा. ज्या थ्री-नॉट-थ्री रायफलने आपल्या पोलिसांच्या कितीतरी पिढ्या शिकल्या, त्या ली-एनफिल्डचं बट इंग्रजांनी चार लांबींत काढलं होतं. लांब, नेहमीचं, आखूड आणि बँटम. लांबीत अर्ध्या-अर्ध्या इंचाचा फरक. बँटम हे नाव पहिल्या महायुद्धात भरती केलेल्या बुटक्या सैनिकांच्या पलटणींचं. बुटका पुरुष लढायला हवा होता, तर त्याच्यासाठी लाकूड अर्धा इंच कापायची बुद्धी शंभर वर्षांपूर्वी सुचली होती. तेव्हा कुणी म्हटलं नाही की बुटक्यांना रायफल जमत नाही.

खेळाच्या मैदानावर तर माप हाच पाया आहे. अंजली भागवत २००० साली सिडनीला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. तिघी मराठी. यांना नेमबाजी जमत नाही असं कोण म्हणेल? रायफल नेमबाजाचं कॅनव्हास-कातड्याचं जॅकेट अंगाच्या मापाने शिवून घेतात, आणि ते किती जाड असावं, बटणं लावल्यावर किती सैल राहावं याचेही आंतरराष्ट्रीय नियम आहेत. जाडी अडीच मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. पिस्तूलवाल्या लाकडी मूठ घासून, लुगदी भरून आपल्या तळव्याच्या आकाराची करून घेतात. याला कुणी लाड म्हणत नाही, कारण तिथे पदक मोजायचं असतं. पोलीस बाईच्या हातात येतं ते कुणाच्या तरी हाताचं पिस्तूल. बोट चापापर्यंत नीट पोहोचत नाही, मग मूठ फिरवून धरावी लागते आणि नेम डावी-उजवीकडे सरकतो.

बुलेटप्रूफ जॅकेटचं दुखणं सगळ्यांत जुनं. सपाट छातीच्या मापाचं जॅकेट स्त्रीच्या अंगावर चढवलं की एक तर श्वास कोंडतो, नाही तर काखेजवळ फट पडते, आणि गोळीला फट पुरते. लंडनमध्ये १९९७ साली दार फोडण्याचं अवजार चालवता यावं म्हणून एका महिला पोलिसाने कवच उतरवलं होतं आणि आत शिरताच भोसकली जाऊन ती मेली. अमेरिकन सैन्याने स्त्रियांसाठी वेगळं कवच देणं २०१२-१३ च्या आसपास सुरू केलं. आपल्याकडे केंद्रीय राखीव पोलीस दलात महिलांची पहिली बटालियन १९८६ ची. दंगलीच्या वेळी घालायचं अंगरक्षक कवच स्त्रियांच्या मापाने डीआरडीओकडून बनवून घेतल्याच्या बातम्या आल्या २०१९ च्या सुमाराला. मध्ये तेहतीस वर्षं गेली! या दलाची २१३ क्रमांकाची महिला बटालियन आपल्या नागपूरचीच. २०२१ च्या फेब्रुवारीत महिला बटालियनींतून ३४ जणी कोब्रा कमांडो म्हणून निवडल्या गेल्या, तेव्हा फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आले. त्यांच्या बुटांचे, पट्ट्यांचे आकडे कुणी विचारले का, हे मी शोधत होते. मला तरी दिसले नाहीत.

बदल होऊच शकत नाही असं मात्र नाही. २०२१ मध्येच महिला पोलिसांना बारा तासांऐवजी आठ तासांची ड्यूटी द्यायला सुरुवात झाली आणि पहिल्या प्रयोगांत आपलं नागपूर शहर होतं. २०२४ च्या जानेवारीत राज्याच्या पोलीस महासंचालकपदी पहिल्यांदा स्त्री आली. पण वर बाई बसली म्हणून खालचा पट्टा आपोआप आखूड होत नाही. पट्टा ठरतो खरेदीच्या कागदावर. निविदा निघते तेव्हा त्यात मापं लिहिलेली असतात, आणि तिथे 'महिला' असा रकानाच नसेल तर पुढची दहा वर्षं गोदामातून तेच येत राहणार.

म्हणून हात घालायचा तो तिथेच. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कुणीही करू शकतं, त्याला दहा रुपये लागतात. आपापल्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना विचारा: पट्टे, होल्स्टर, हेल्मेट, बुलेटप्रूफ जॅकेट किती मापांत घेतले? स्त्रियांच्या मापाचे किती? खरेदीपूर्वी महिला कर्मचाऱ्यांची मापं घेतली होती का, कोणत्या साली? बंदोबस्ताच्या जागी महिलांसाठी संडासाची सोय कुणी करायची? नागपूरचा अर्ज आम्ही या महिन्यात टाकतो आहोत, उत्तर आलं की छापू. वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, अमरावतीच्या गटांनी आपापले टाकावेत. वनरक्षक मैत्रिणींचंही काही असेल तर तेही त्यात घाला, त्यांच्या बुटांबद्दल मेळघाटातून मी थोडंफार ऐकून आहे.

त्या दिवशी शिष्टमंडळ संध्याकाळी परत आलं ते नेहमीचं आश्वासन घेऊन. आम्ही उठलो, सतरंज्या गुंडाळल्या. फौजदार बाई अजून तिथेच होत्या, कारण पुढचा मोर्चा यायचा होता. अर्धी बाटली मी कठड्यावर ठेवली. ती त्यांनी घेतली की नाही, ते गर्दीत दिसलं नाही.

पोलिसात, होमगार्डमध्ये, राखीव दलात, वन खात्यात, तुरुंगात काम करणाऱ्या कुणी हा अंक वाचत असतील तर लिहा. नाव नको, हुद्दा नको, जिल्हाही नको. तुमच्या कमरेचं माप आणि तुम्हाला मिळालेल्या पट्ट्याचं माप, एवढे दोन आकडे पोस्टकार्डावर आले तरी पुरे.