मनाचे औषध आणि छातीतील जळजळ

सीमाभागातील एका खेड्यातून एका भगिनीचे पत्र आम्हांस आले आहे. पती निवर्तल्यानंतर त्यांची झोप गेली, अन्न गोड लागेना, सकाळी उठून चूल पेटवावी असेही वाटेना. बेळगावच्या मनोविकारतज्ज्ञांनी त्यांस एस्सिटालोप्राम नावाची गोळी दिली व दोन महिन्यांत मन पुष्कळ सावरले. परंतु आता जेवण झाले की छातीत जळजळ होते आणि रात्री अंथरुणास पाठ टेकताच आंबट पाणी घशाशी येते. घरातील वडीलधाऱ्यांचे मत असे की, हा सारा त्या ‘डोक्याच्या गोळ्यां’चा प्रताप आहे, सबब त्या टाकून द्याव्यात. शेजारणीने आपल्या डब्यातील पित्ताच्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत व त्या सुरूही झाल्या आहेत. आता काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले आहेत, आणि दोन्ही धोक्याचे आहेत. आम्ही वैद्य नव्हे. औषधाची मात्रा सांगणे हे आमचे काम नाही. परंतु डॉक्टरांकडे जाताना काय विचारावे व तोवर काय टाळावे, एवढे तरी प्रत्येक घरास ठाऊक असावे.

प्रथम वडीलधाऱ्यांचा सल्ला घेऊ. खिन्नतेवरील गोळी एकाएकी बंद केली तर काही दिवसांतच चक्कर, मळमळ, चिडचिड, झोपमोड व अंगातून वीज गेल्यासारखे झटके असा त्रास पुष्कळांस होतो. तो ओसरला म्हणून सुटका होते असेही नाही. काही आठवड्यांनी मूळचे औदासीन्य परत येते, आणि त्याबरोबर जगणे नकोसे वाटण्याचे विचारही परत येऊ शकतात. गोळी थांबवावयाची झाल्यास ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मात्रा थोडी थोडी उतरवीतच थांबवावयाची असते. जळजळीसाठी एवढी मोठी किंमत देण्याचे कारण नाही, कारण जळजळीवर उपाय आहेत. आणि घरच्यांनी हेही मनात धरावे की मधुमेहाच्या गोळीस कोणी ‘साखरेचे वेड’ म्हणत नाही. मनाचे दुखणे हे दुखणेच आहे. ते श्रद्धेच्या उणिवेमुळे येत नाही व गोळी घेतल्याने श्रद्धा उणी होत नाही.

जळजळ होते कशी? अन्ननलिका जठरास मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. ते घास खाली जाऊ देते व पुन्हा आवळले जाते. ते सैल पडले की जठरातील आम्ल वर चढते. जठराचे अस्तर ते आम्ल सोसते, अन्ननलिकेचे सोसत नाही. मनावरील औषधांचा येथे संबंध येतो, पण सर्वांचा सारखा नाही. जुन्या पिढीतील औषधे, म्हणजे १९५७ साली जिचा गुण प्रथम प्रसिद्ध झाला ती इमिप्रामिन व तिच्या जातीची अमिट्रिप्टिलिन, ही ते कडे सैल करतात, जठर रिकामे होण्यास वेळ लावतात आणि तोंड कोरडे पाडतात. लाळ कमी म्हणजे आम्ल धुऊन काढणारे पाणीच कमी. अमिट्रिप्टिलिन ही अर्धशिशीवर व नसांच्या दुखण्यावरही देतात. त्यामुळे आपण ती घेत आहो हे कित्येकांच्या ध्यानातही नसते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही नवी औषधे त्या कड्यास सहसा तितके ढिले करीत नाहीत. त्यांनी आरंभी मळमळ व पोटात अस्वस्थता होते, ती बहुतेकांची दोन-तीन आठवड्यांत निवते. सर्ट्रालिन जेवणाबरोबर घेतल्यास मळमळ कमी होते. या भगिनींस मात्र दोन महिन्यांनंतरही त्रास आहे. तेव्हा तो गोळीचा, खाण्याचा, की आधीपासूनचाच, हे तपासून घेतले पाहिजे.

आता शेजारणीच्या कॅप्सूलांविषयी. येथे आम्ही थोडे सविस्तर लिहितो, कारण हा डबा आमच्या गावांतून घरोघर आहे.

पित्ताच्या कॅप्सूल साऱ्या एकच नव्हेत. ओमेप्राझोल व एसोमेप्राझोल ही आम्ल कमी करणारी औषधे चांगली आहेत. पण एस्सिटालोप्राम व तिची थोरली बहीण सिटालोप्राम यांचा निचरा यकृतातील ज्या रसायनामुळे होतो, त्याचेच काम ती अडवतात. परिणामी तीच गोळी रक्तात अधिक साठते, जणू डॉक्टरांनी न सांगता मात्रा वाढविली. ही औषधे रक्तात फार वाढली तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. म्हणूनच अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने २०१२ साली बजावले की, सिटालोप्रामबरोबर अशी औषधे चालू असतील तर दिवसास २० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. पँटोप्राझोलचा हा अडथळा पुष्कळ कमी आहे, म्हणून अशा रोग्यांस डॉक्टर बहुधा तिची निवड करतात.

याहून मोठी अडचण जोडकॅप्सूलची. आपल्याकडे दुकानात ‘पित्ताची कॅप्सूल द्या’ म्हटले की जी हाती पडते, तिच्यात पुष्कळदा डॉम्पेरिडोन मिसळलेले असते. हे औषधही हृदयाच्या लयीवर परिणाम करते. युरोपातील औषध-नियामकांनी २०१४ साली त्याचा उपयोग थोड्या दिवसांपुरता मर्यादित केला आणि हृदयाची लय लांबविणाऱ्या इतर औषधांबरोबर ते देऊ नये असे ठरविले. एस्सिटालोप्राम हे त्या इतर औषधांपैकीच एक आहे. धडधाकट तरुणास कदाचित काही होणार नाही. पण वय झालेले, हृदयाचा विकार असलेले, जुलाब-उलट्यांनी थकलेले माणूस असेल तर धोका खरा आहे. यास्तव भगिनींनी त्या कॅप्सूलच्या पट्टीवरील बारीक अक्षरे वाचून घ्यावीत, ती पट्टी व घरातील झाडून साऱ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून आपल्या डॉक्टरांपुढे ठेवाव्यात आणि त्यांचे उत्तर मिळेपर्यंत शेजारणीच्या कॅप्सूल बाजूस ठेवाव्यात. त्या पिशवीत अंगदुखीच्या गोळ्याही असू द्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांच्या जोडीस ही नवी मनाची औषधे चालली तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. भात लावणीच्या दिवसांत कंबरदुखीवर या गोळ्या आपण फुटाण्यासारख्या खातो, ते थांबले पाहिजे. हृदयासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने सोडू नये.

आम्ल कमी करणारी कॅप्सूल डॉक्टरांनी दिलीच, तर ती जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी. जेवल्यावर घेतली तर तिचा अर्धा गुण वाया जातो. पांढरे पातळ औषध तात्काळ आराम देते, पण ते व इतर गोळ्या यांत दोन तासांचे अंतर असावे. कोणतीही गोळी घोटभर चहाबरोबर गिळून लगेच आडवे होऊ नये. पेलाभर पाणी प्यावे व अर्धा तास बसून राहावे, नाहीतर गोळी अन्ननलिकेतच चिकटून तेथे व्रण करते.

घरचे उपाय साधे आहेत. रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी तीन तास आटोपावे; तिन्हीसांजेच्या प्रार्थनेनंतर लगेच जेवणारी जुनी घरे या बाबतीत आपल्याहून शहाणी होती. खाटेच्या उशाकडील पायांखाली सहा ते आठ इंचांच्या विटा किंवा लाकडी ठोकळे द्यावेत. नुसत्या उशा चढवून उपयोग नाही. त्याने कंबर वाकते व पोट अधिकच दाबले जाते. डाव्या कुशीवर निजावे. तळलेले, फार तिखट, चिंच-कोकमाचे आंबट, कडक चहा-कॉफी यांपैकी आपणास काय बाधते ते पाहून तेवढेच सोडावे; सारेच सोडून माणूस खंगला तर मन आणखी खचते. सकाळची पेज बहुतेकांस सोसते. तंबाखू व मशेरी मात्र सोडावीच. फेणीचा पेला तर जळजळही वाढवितो व मनाच्या औषधाच्या कामातही मोडता घालतो.

घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखा काळा शौच, यांपैकी काही दिसल्यास घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळा होतो, तेही डॉक्टरांस सांगावे.) चालताना किंवा ओझे उचलताना छाती दाटून आली, हात अथवा जबडा दुखला, घाम फुटला तर ते पित्त समजून सोडा पीत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. जगणे नकोसे वाटू लागल्यास १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारी सेवा रात्रंदिवस विनामूल्य मिळते. ती २०२२ साली सुरू झाली.

राहिला एक प्रश्न, जो पत्राच्या शेवटी भीतभीत विचारला आहे: सकाळच्या मिस्सापूर्वी कॅप्सूल घेतली तर ख्रिस्तशरीर स्वीकारता येईल काय? येईल. मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेण्याचा कडक नियम आज्यांच्या आठवणीत पक्का आहे, पण पाण्याने उपवास मोडत नाही हे १९५३ सालीच ठरले आणि १९६४ पासून हा उपवास एका तासाचा आहे. औषधाने तर तो मुळीच मोडत नाही. आजारी व वयोवृद्ध माणसांनी, तसेच त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी, त्या तासाभरात काही खाल्ले असले तरी त्यांस ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची मोकळीक आहे. प्रायश्चित्तकाळातील उपासही आजाऱ्यास बांधील नाहीत. तेव्हा भगिनींनी कॅप्सूल वेळेवर घ्यावी, अर्ध्या तासाने पेज घ्यावी आणि मग चर्चला यावे.