पंजाबचा संघ नेमका कोणाचा?

'प्रादेशिक संघ' हा शब्द आपण फुटबॉलविषयी बोलताना फार सैलपणे वापरतो. 'प्रादेशिक कादंबरी' या संज्ञेवर मराठी समीक्षेने बरीच शाई खर्च केली. प्रदेश म्हणजे पार्श्वभूमी की प्रदेश म्हणजेच पात्र, बोलीमुळे कादंबरी प्रादेशिक होते की जीवनदृष्टीमुळे, असे वाद झाले. संघाच्या बाबतीत मात्र नावात प्रदेशाचे नाव असले की तो त्या प्रदेशाचा, असे धरून आपण मोकळे होतो. हे गृहीतक 'मिनर्व्हा पंजाब' या संघाच्या उदाहरणावर तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. हा संघ मोहालीच्या एका क्रीडा अकादमीतून जन्मला, राष्ट्रीय विजेता झाला, आणि त्यानंतर दोन-अडीच वर्षांतच संघ एकाचा आणि अकादमी दुसऱ्याची अशी वाटणी झाली. संघाचा प्रदेश कोणता, हे त्याच्या रोजच्या सरावाच्या मैदानावरून ठरते, असे माझे मत आहे. आणि जिथे संघाची मालकी विकता येते पण सरावाचे श्रेय कुठेच नोंदले जात नाही, तिथे 'प्रादेशिक' हा शब्द पाटीपुरता उरतो.

प्रथम घटनाक्रम. रणजित बजाज यांच्या मिनर्व्हा अकादमीचा संघ २०१५-१६ मध्ये आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत दुसरा आला. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या गोव्याच्या तीन संघांनी आय-लीगमधून माघार घेतली. रिकाम्या झालेल्या जागांसाठी नवे संघ घेण्यात आले, त्यांत मिनर्व्हा होता. पहिल्या वर्षी तो दहा संघांत नववा आला. दहावा आला मुंबई एफसी. मुंबईचा तो संघ खालच्या श्रेणीत गेला आणि पुढे बंदच पडला. एका पायरीने वाचलेल्या मिनर्व्हाने मात्र पुढच्याच हंगामात, ८ मार्च २०१८ रोजी, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला १-० असे हरवून आय-लीग जिंकली. शेवटच्या दिवसापर्यंत नेरोका, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे तीन संघही विजेतेपदाच्या शर्यतीत होते. फगवाड्याच्या जेसीटीने १९९६-९७ मध्ये पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली होती. त्यानंतर राष्ट्रीय लीगचे विजेतेपद पंजाबकडे आले ते एकवीस वर्षांनी. खुद्द जेसीटी २०११ मध्येच विसर्जित झाला होता.

आता त्या विजयाकडे जरा बारकाईने पाहू. सामना झाला तो पंचकुला येथे, म्हणजे हरियाणात. विजयी गोल केला घानाच्या विल्यम ओपोकूने. हंगामभर आक्रमणाची धार टिकवली ती भूतानच्या चेंचो ग्येल्तशेनने. प्रशिक्षक खोगेन सिंग मणिपूरचे. मग यात पंजाबचे काय होते? जन्मस्थान हा निकष लावला तर फारसे काही हाती लागत नाही, आणि मैदानाची मालकी हा निकष लावला तर त्याहून कमी. प्रादेशिकतेची आपली नेहमीची दोन्ही मापे इथे तोकडी पडतात.

तिसरे माप जॅक्सन सिंगच्या उदाहरणातून मिळते. ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत, सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध त्याने हेडरने गोल केला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषक स्पर्धेतील भारताचा तो पहिला गोल. जॅक्सन मणिपूरच्या थौबल जिल्ह्यातला. लहान वयात घर सोडून चंडीगढच्या अकादमीत आला आणि तिथून मिनर्व्हात. मिनर्व्हाच्या मुलांनी सराव सामन्यात भारताच्या याच वयोगटाच्या संघाला हरवले, आणि मग त्यांतल्या काहींची त्या संघात वर्णी लागली. जॅक्सन कुठला, या प्रश्नाला 'मणिपूरचा' हे उत्तर बरोबरच आहे. पण त्याचा खेळ कुठला, असे विचारले तर उत्तरात थौबल, चंडीगढ आणि मोहाली ही तिन्ही नावे घ्यावी लागतील. ज्या मातीत रोज पहाटे पाय मळले, तिचाही माणसावर हक्क असतो.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही फुटबॉल संघांची नावे आहेत. कुस्तीच्या तालमीचे नाव फुटबॉलच्या संघाला मिळते, कारण तालीम ही आधी पेठेची असते आणि मग खेळाची. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ तिथे लोटते. बाहेरगावचे खेळाडू याही संघांतून खेळतात. त्यामुळे तालमीचे पेठेशी असलेले नाते तुटत नाही. अकादमी आणि तालीम यांत फरक आहेच: तालमीत मुलगा गल्लीतून येतो, अकादमीत दोन हजार किलोमीटरवरून. पण दोहोंचे मर्म एकच, रोजचा घाम.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त बाहेरून आलेला मास्तर गावाकडून तालीम बांधून घेतो, आणि पुढे दुष्काळात गावच उठून जाते. तालीम उभी राहते तीही एका उपऱ्याच्या पुढाकाराने, आणि तरी ती बनगरवाडीचीच असते, कारण तिच्यासाठी गाव राबलेले असते. त्या कादंबरीची प्रादेशिकता शोधताना आपण धनगरांची बोली आणि माळरान यांच्यापाशी थांबतो. या सामूहिक श्रमाकडे पुरेसे लक्ष देत नाही. मोहालीच्या मैदानावर राबणारी मणिपुरी मुले मला याच अर्थाने पंजाबची वाटतात.

२०१९ मध्ये संघाच्या नावातून 'मिनर्व्हा' गेले आणि 'पंजाब एफसी' उरले. २०२० मध्ये संघ राउंडग्लास या उद्योगाच्या मालकीचा झाला. नव्या व्यवस्थापनाने २०२२-२३ ची आय-लीग जिंकली आणि २०२३ मध्ये हा संघ खेळाच्या बळावर बढती मिळवून इंडियन सुपर लीगमध्ये दाखल झालेला पहिला संघ ठरला. त्या पहिल्या हंगामात 'पंजाब'चे घरचे मैदान होते दिल्लीचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम. इकडे अकादमीने आपले काम चालू ठेवले. स्वीडनमधील गोथिया चषक ही कुमारांची स्पर्धा तिच्या मुलांनी २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये जिंकली. म्हणजे नाव, पाटी आणि लीगमधील जागा एका हाती गेली. माणसे घडवण्याची रीत मूळ घरीच राहिली.

यावर आक्षेप येईल की विक्री झाली नसती तर हा संघ वरच्या लीगमध्ये पोहोचलाच नसता. अकादमीच्या मिळकतीत व्यावसायिक संघ पोसता येत नाही. आक्षेप खरा आहे, आणि नव्या मालकांनी संघ नीट चालवला हेही मान्य केले पाहिजे. माझी तक्रार विक्रीबद्दल नाही. विक्रीच्या वेळी कशाची किंमत झाली, हा माझा प्रश्न आहे. किंमत होते ती लीगमधील जागेची. ही जागा किती फिरती असते ते पुण्याने पाहिले आहे. पुणे एफसी २०१५ मध्ये बंद पडला, त्याची अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही संपला आणि इंडियन सुपर लीगमधील त्याची जागा हैदराबादने घेतली. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, जो २०१७ च्या त्याच विश्वचषकात भारताकडून खेळला, तो पुणे एफसीच्या अकादमीत घडलेला. क्लब गेला, खेळाडू मागे राहिला. आणि आज त्याच्या नावापुढे ती अकादमी कोणी लिहीत नाही.

फिफाच्या नियमांत यावर थोडा इलाज आहे. खेळाडूच्या हस्तांतरणाची रक्कम दिली जाते तेव्हा तिचा पाच टक्के हिस्सा, बारा ते तेवीस या वयात त्याला घडवणाऱ्या संघांत वाटला जावा, असे तो नियम सांगतो. या तरतुदीमागचे तत्त्व मोलाचे आहे, कारण ते घडण्याच्या वर्षांना हिशेबात घेते. पण जिथे खेळाडू करार संपवून रकमेविना दुसरीकडे जातो, तिथे पाच टक्के कशाचे काढायचे? अशा वेळी अकादमीच्या पदरी ना पैसा पडतो, ना उल्लेख. निदान उल्लेख तरी सक्तीचा असावा. संघाच्या अधिकृत यादीत खेळाडूच्या जन्मगावाशेजारी त्याच्या बारा ते अठरा या वयातील मैदानांची नावे छापली जावीत. याला खर्च नाही. पण 'पंजाबचा संघ', 'पुण्याचा संघ' या शब्दांना त्यामुळे तपासता येईल असा अर्थ येईल.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा दुसऱ्या अंगणातला प्रश्न वाटू शकेल. परंतु आपल्याकडेही एखादा लेखक मान्यता पावला की त्याच्या पुस्तकावर मोठ्या प्रकाशनगृहाचे नाव झळकते, आणि त्याच्या पहिल्या अर्ध्याकच्च्या कथा तपासून, परत पाठवून, पुन्हा मागवून छापणाऱ्या अनियतकालिकाचा संपादक चरित्राच्या तळटीपेतही सापडत नाही. विद्यापीठांतून लेखकांवर प्रबंध होतात. लेखक जिथे लिहायला शिकले त्या जागांवर फारच थोडे होतात. खेळाच्या इतिहासातही असेच घडते आहे. मोहालीचे मैदान, कोल्हापूरच्या तालमी, पुण्याची बंद पडलेली अकादमी यांचा लिखित इतिहास कोणीतरी सिद्ध केला पाहिजे, आणि भाषा व समाज यांचा एकत्र विचार करण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्यांनी तो केला तर अधिक चांगला होईल. तिथे शिकवणारी आणि शिकलेली माणसे आज हयात आहेत, बोलायला तयार होतील, आणि त्यांच्याकडे विचारायला अजून कोणी गेलेले नाही अशा ठिकाणांची संख्या मोठी आहे.