पन्नास रुपयांचा धाक

फेब्रुवारी २०२५मध्ये पुण्यात हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये ३००च्या आसपास मांजरं असल्याचं उघड झालं. महापालिकेने ती हलवायची नोटीस दिली. महाड-पोलादपुरात असं कोण करतंय, म्हणाल. पण मायेपोटी जमवलेली जनावरं कुठेही आवरेनाशी होतात. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात किती पाळावीत याचा आकडाच नाही. मालकाने पुरेसं अन्नपाणी, निवारा न देणं हा मात्र कलम ११नुसार गुन्हा आहे, आणि पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये! (एवढ्यात महिन्याची मासळीही येत नाही मांजराला.) जुलै २०२१मध्ये पुरात सावित्री नदी महाडच्या घराघरांत शिरली होती. असं पुन्हा झालं तर पिंजऱ्यातली जनावरं आधी अडकतील, म्हणून इथल्या नगरपालिकेने संख्या मोजत बसण्याआधी तळमजल्यावरचे पिंजरे तपासावेत, तेही पावसाळ्यापूर्वी.