चिठ्ठी निघाली, पुढे काय?

'जर्नल' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सबमिशनच्या आदल्या रात्री एका हुशार पोराची फाईल मध्ये ठेवून तिच्या चारही बाजूंना बसलेली मंडळी! एकाच रीडिंगच्या साठ प्रती आणि प्रत्येकीच्या खाली सरांची सही. पण मित्रांनो, जगात 'जर्नल' नावाचा आणखी एक प्रकार असतो. तिथे सही इतकी स्वस्त नसते. आणि त्या जर्नलचा आपल्या गावाशी चक्क संबंध आहे.

'अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू' हे राज्यशास्त्रातलं जगातलं सर्वांत मानाच्या त्रैमासिकांपैकी एक. १९०६ साली सुरू झालेलं. तिथे लेख पाठवला की लेखकाचं नाव झाकून तो त्याच विषयातल्या जाणकारांकडे तपासायला जातो. लेख कुणाचा हे तपासणाऱ्याला कळत नाही आणि कोण तपासतंय हे लेखकाला कळत नाही. युनिव्हर्सिटीच्या पेपरवर आपला सीट नंबर झाकतात ना, तसंच. शंभरातले नव्वदहून जास्त लेख परत जातात. ज्यांचं नशीब उघडतं त्यांनाही आता आपले आकडे सगळ्यांसाठी खुले करावे लागतात. म्हणजे कुणालाही हिशोब परत मांडून चूक काढता यावी!

याच त्रैमासिकात २००९ साली रिखिल भवनानी यांचा एक लेख आला. विषय कुठला? आपली मुंबई महानगरपालिका! प्रश्न साधा होता. महिलांसाठी राखीव असलेला वॉर्ड पुढच्या निवडणुकीत खुला झाला, की तिथली बाई टिकते का घरी जाते?

आता हाच प्रश्न आमच्या शिरड शहापूरला चहाच्या हॉटेलात टाकून बघा. उत्तर अर्ध्या मिनिटात मिळेल. "अहो, बाई सहीपुरती असती. कारभार मालकच बघतो. आरक्षण उठलं की बाई चुलीपाशी." मल्लिनाथांच्या दर्शनाला बाहेरून आलेला माणूससुद्धा चहा संपेपर्यंत हेच ऐकून जाईल. 'सरपंचपती' हा शब्द आपल्या भाषेत उगाच आलेला नाही, हेही खरंच आहे. पण हॉटेलातलं उत्तर हे एका रीडिंगवरून काढलेलं अनुमान झालं. कुणाला तरी एक गाव आठवतं, एक बाई आठवते, आणि झाला सिद्धांत तयार!

भवनानींनी काय केलं? मुंबईत १९९७ साली महिलांचे वॉर्ड कुणाच्या मर्जीने नाही, तर सोडतीने ठरले होते. २००२ साली राखीव वॉर्ड बदलले. मग त्यांनी २००२ ला खुले असलेले वॉर्ड घेतले आणि त्यांचे दोन गट केले. एका गटातले वॉर्ड मागच्या वेळी राखीव होते, दुसऱ्यातले नव्हते. बाकी दोन्ही गट सारखेच, कारण मधली निवड चिठ्ठीने केलेली. निष्कर्ष असा, की आधी राखीव असलेल्या वॉर्डात आरक्षण गेल्यानंतरही बाई निवडून येण्याची शक्यता जवळजवळ पाचपट होती. कारणंही त्यांनी जपून, 'असं दिसतं' इतपतच सांगितली. एकदा राजकारणात आलेल्या काही बायका पुढे खुल्या जागेवरही जिंकू शकतात. आणि पक्षांना कळतं, की बाईला तिकीट दिलं म्हणून सीट जात नाही.

अर्थात 'पाचपट' ऐकून टाळ्या वाजवायच्या आधी थांबलं पाहिजे. मूळ शक्यताच इतकी छोटी होती, की पाचपट होऊनही बहुतेक खुल्या वॉर्डांतून पुरुषच आले. म्हणजे हॉटेलवाले साफ खोटे नाहीत, आणि साफ खरेही नाहीत. मला ह्या लेखात आवडलं ते हेच. तो कुणाची बाजू घेत नाही, मोजतो.

कुणी म्हणेल, मुंबईचं सोडा, खेड्याचं काय? तर सांगली जिल्ह्यातल्या गावांचा एक अभ्यास २०१३ साली मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आलेला आहे. पुण्याच्या आणि जर्मनीतल्या अभ्यासकांनी मिळून केलेला. बाई सरपंच झाल्यावर तीनेक वर्षांनी तिथल्या गावांत मूलभूत सोयी पुरुष सरपंचांच्या गावांपेक्षा चांगल्या दिसल्या. तीनेक वर्षांनी, हे महत्त्वाचं. आपण मात्र पहिल्या ग्रामसभेतच निकाल देऊन मोकळे होतो!

आता माझी तक्रार. सोडत आपली, वॉर्ड आपले, बायका आपल्या, आणि निष्कर्ष मात्र इंग्रजीत, तोही अशा इंग्रजीत की कॉन्व्हेंटमध्ये शिकूनसुद्धा मला डिक्शनरी जवळ ठेवावी लागली. ज्या बाईच्या पाच वर्षांवर हे लिहिलं गेलं, तिच्यापर्यंत त्यातली एक ओळसुद्धा पोचत नाही. उद्या आरक्षण उठल्यावर तिचा नवरा, दीर आणि पार्टीवाले तिला "आता बस झालं" म्हणतील, तेव्हा तिच्या हातात काय असेल? "खुल्या जागेवरही बाई येऊ शकते, हे मोजून बघितलेलं आहे" एवढं एक वाक्य तिला मराठीत सांगणारं कुणी नको का? माहिती वेळेवर पोचली नाही, तर एक चांगली सरपंच दुसऱ्यांदा फॉर्मच भरत नाही. हे नुकसान गावाचं आहे, अमेरिकेचं नाही.

म्हणून मला वाटतं, हे काम आपलं आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. दर पंचवार्षिकला सोडती निघतात. एखादं शाळकरी पोर डब्यातून चिठ्ठी काढतं आणि गाव कपाळाला हात लावतं किंवा गुलाल उधळतं. आपल्या दृष्टीने ती चिठ्ठी म्हणजे एम-थ्रीमध्ये शिकलेली प्रोबॅबिलिटी आहे! औंढा, वसमत, कळमनुरी... आपल्यापैकी प्रत्येकाने सुट्टीत आपापल्या तालुक्यातल्या गावांचं गेल्या तीन निवडणुकांचं आरक्षण आणि निकाल एका एक्सेल शीटमध्ये भरले, तर काय चित्र निघेल? गावाकडे आरक्षण चक्राकार फिरतं, त्यामुळे कुठल्या जागा सोडतीआधीच बाजूला काढल्या ते तपासावं लागेल. हिशोब मुंबईइतका सरळ नसेल. पण अवघड गणित बघून पळून जायला आपण इंजिनिअरिंगला आलो का?

निष्कर्ष आपल्या मताविरुद्ध निघाला तरी चालेल. तो मराठीत लिहायचा, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचा, आणि खाली आकडे द्यायचे, म्हणजे हॉटेलातल्या काकांनाही त्यात चूक काढता येईल. त्यांनी चूक काढली तर उत्तमच, ती दुरुस्त करायची. जर्नल तपासणं म्हणजे दुसरं काय असतं?

फक्त एक अट. रीडिंग स्वतः घ्यायची. ह्या जर्नलची कॉपी मिळणार नाही!